काश्यप गोत्राची रशियन माणसं

खोली भाड्यानं मागायला गेलो, तेव्हा घरमालकांनी आम्हाला भिंतीला टेकून उभं केलं होतं. मी, माझा नवरा आणि माझ्या कडेवर आमची लेक. परभणीहून सुरतेत नुकतेच आलो होतो. नवऱ्याला तिथल्या सचिन भागातल्या एका डाईंग हाऊसमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, काम लागलं होतं, आणि जवळच्या भेस्तानमध्ये जो तो घरमालक आधी जात विचारत होता, मग गाव, मग पाहुणे किती येतात ते. यांनी यातलं काहीच विचारलं नाही. ते थोडे मागे सरकले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "गर्दीत उभे आहात असं समजा. पुढं कोणी मोठा माणूस भाषण करी राहिला, तुम्ही मागं. हां, राहा तसे."

माझा नवरा जन्माचाच गर्दीतला. तो होता तसाच उभा राहिला. मी मात्र पदर सारखा केला आणि हनुवटी जरा वर घेतली. घरमालक हसले. "यांना जमतं. ताई, तुम्हाला नाही जमणार. तुम्ही हिरोइनवानी उभ्या राहता. खोली घ्या, चला."

माणूस अर्धवट आहे, असं मी जिना चढताना नवऱ्याला म्हटलं. त्या वरच्या खोलीत आम्ही पुढे इतकी वर्षं काढली की माझी लेक कॉलेजात गेली आणि आमच्याशी मराठीत भांडायचं सोडून गुजरातीत भांडायला लागली. माझं ते पहिलं मत काही बदललं नाही. फक्त हा माणूस कुठल्या अर्ध्यात शहाणा आहे, ते हळूहळू कळत गेलं.

सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला जिजी. दोघं खानदेशातल्या दोंडाईच्याकडची, घरात बोलायची ती अहिराणी, 'आहे'ला 'शे' म्हणणारी. आप्पा तरुणपणी लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम करायला म्हणून सुरतेत आले, पण त्या खडखडाटानं डोकं उठतं म्हणून एका टॉकीजमध्ये ऑपरेटरच्या हाताखाली लागले. ऑपरेटर म्हणजे मागच्या कोंदट खोलीत बसून मशीनवर पिक्चर चालवणारा. पुढे ते स्वतःच ऑपरेटर झाले. त्या मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या पेटायच्या, त्या बदलता बदलता बोटं भाजायची. म्हणून त्यांना कुठलीही वस्तू उचलण्याआधी बोटांवर फुंकर मारायची सवय लागली होती. चहाचा कप ठीक आहे हो, पण हा माणूस बर्फाच्या गोळ्यालाही फुंकर मारूनच हात लावायचा.

"एकच पिक्चर आठवडाभर," ते सांगायचे. "पहिल्या दिवशी हिरो बघतो माणूस. दुसऱ्या दिवशी हिरोइन बघतो. मग काय बघायचं? मग मी कोपरे बघायला लागलो."

ही कोपरे बघायची खोड त्यांना कायमची जडली. लग्नाला गेले की नवरा-नवरीकडे यांची पाठ. मांडवात करवलीच्या मागे कोण उभं आहे, वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या बायांपैकी कोण थकली आहे, याच्यावर यांचा डोळा. माझ्या लग्नाचा अल्बम मी मोठ्या हौसेनं दाखवायला काढला, तर पहिल्याच फोटोवर बोट ठेवून विचारलं, "हा मागं ताट घेऊन अवघडलेला कोण?" मला सांगता आलं नाही. माझ्याच लग्नात माझ्या डोक्यावर अक्षता पडत असताना ताट धरून उभा असलेला माणूस कोण, हे मला आजही माहीत नाही. घरी टीव्हीवर क्रिकेट लागलं की सगळी गल्ली चौकार बघायची आणि आप्पा बघायचे तो सीमेवर पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेला राखीव खेळाडू. "त्यानं बूट काढले," असं मध्येच ओरडायचे. माझा नवरा कपाळाला हात लावायचा.

रशियाचं प्रकरण कसं सुरू झालं, ते मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मी तिथे होतेच असं वाटतं. तेव्हा लूम कामगारांची युनियन जोरात होती. युनियनवाले मुंबईहून रशियाचे जुने मुके पिक्चर आणायचे आणि संध्याकाळी उधन्याच्या चाळींमागे मैदानात पांढरं कापड बांधून दाखवायचे. मशीन चालवायला आप्पा. पिक्चरला आवाज नाही, मध्ये मध्ये रशियन अक्षरांच्या पाट्या, त्या वाचणार कोण? म्हणून एक कॉम्रेड माइक घेऊन गोष्ट सांगायचे. एकदा कॉम्रेडना ताप भरला आणि माइक आप्पांच्या हातात आला.

पडद्यावर कारखान्याच्या फाटकापुढे संप चाललेला. मधोमध पुढारी मूठ वळून भाषण करतोय. आप्पा माइकवर म्हणाले, "हा बोलतोय, त्याला बोलू द्या. तुम्ही डाव्या अंगाला बघा. डोक्याला फडकं बांधेल बाई दिसली? सारखी मागं वळून बघती. कशाला? चुलीवर दूध ठेवून आली बिचारी." झालं. सगळं मैदान डावीकडे बघायला लागलं. पुढे घोडेस्वार आले, पळापळ झाली, पुढारी गोळी लागून पडला, आणि बायका मागे वळून आप्पांना ओरडून विचारू लागल्या, "दूध उतू गयं का हो?" शेजारणीनं उतरवून ठेवलं, असं आप्पांनी माइकवरून जाहीर केलं, तेव्हा कुठे मैदान शांत झालं.

कॉम्रेड बरे होऊन आले तेव्हा त्यांना कळलं की क्रांतीचं कुणालाच काही आठवत नाही आणि दुधाचं सगळ्यांना आठवतंय. त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. पण पुढच्या खेळाला लोकांनीच हट्ट धरला की माइक ऑपरेटरला द्या. मग दर खेळाला तेच. नायकाचं काय व्हायचं ते होवो, आप्पा आपले कोपऱ्यातल्या माणसांची खुशाली सांगत बसायचे.

या माणसांची नावं कुठेच नव्हती. पाट्यांवर पुढाऱ्याचं काम करणाऱ्याचं नाव, त्याच्या आईचं काम करणारीचं नाव, आणि बाकीचे नुसतेच. काही खरे नट होते, नाटकातले, म्हातारपणी चार पैशांसाठी आलेले. काही तर नटही नव्हते. चेहरा चांगला दिसला म्हणून रस्त्यावरून, शेतातून धरून आणलेले. आप्पांनी त्यांना आपल्या गावची नावं देऊन टाकली. दुधाची बाई ती सोनाबाई, कारण दोंडाईच्याच्या सोनाकाकू अशाच मागे वळून बघायच्या. एक लांब नाकाचा माणूस होता, तो एका पिक्चरमध्ये घोड्याचा लगाम धरून उभा असायचा, दुसऱ्यात तारबाबू, तिसऱ्यात दरवान. तो तुळशीराम. "तीन पिक्चरमा तीन वेळा मेला," आप्पा हळहळायचे. "एकदाबी कोणी रडलं नाही त्याच्यावर. तिसऱ्या वेळी तर मरताना अर्धा चेहरा पडद्याच्या बाहेर." त्याची मिशी खरी आणि दाढी खोटी, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि एक होती पोत्यावरची पोर. धान्यानं भरलेल्या गाडीवर पोत्यांच्या ढिगावर बसलेली, तीन-चार वर्षांची, हातात पावाचा तुकडा. गाडी पुढे जाते, पोर पाव खात राहते, संपलं तिचं काम. तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं ठकी.

टॉकीज बंद पडली, युनियन थंडावली, पण ही माणसं आप्पांनी सोडली नाहीत. माझी लेक मोठी झाली तशी ती त्यांना ते पिक्चर मोबाईलवर शोधून टीव्हीला जोडून द्यायची. दुपारी मी खाली ओट्यावर साड्यांना खडे चिकटवत बसायचे आणि आतून आप्पांचा आवाज यायचा, "हा बघ, तुळशीराम उना!" उना म्हणजे आला. जिजी भाजी निवडता निवडता म्हणायची, "तुमना त्या गोरा लोकेस्ले सांगा, आज भाजी थोडी शे. जेवाले थांबू नका."

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, पण त्या घरात एक जागा अशी होती की तिथे कुणी हसायचं नाही.

आप्पा-जिजींना एकुलता एक मुलगा होता. आम्ही राहायला आलो तेव्हा तो कतारगामला हिरे घासायला जायचा. उंच, अबोल, माझ्या लेकीला सायकलच्या दांडीवर बसवून बालवाडीत सोडणारा. एक दिवस सकाळी डबा घेऊन गेला तो परत आलाच नाही. भांडण नाही, तंटा नाही. सायकल सुरत स्टेशनच्या स्टँडवर मिळाली, कुलूप लावून नीट उभी केलेली. पोलीस झाले, नातेवाईक झाले, नाशिक-मुंबई-अहमदाबाद पालथं घातलं. काही कळलं नाही. तो आहे की नाही, एवढंसुद्धा नाही.

त्यानंतर आप्पांचं कोपरे बघणं बदललं. आधी ती हौस होती. आता टीव्हीवर कुठल्याही गावची जत्रा दिसली, पूर दिसला, मोर्चा दिसला, की ते उठून पडद्याला नाक लावून उभे राहायचे आणि मागच्या रांगेतला एकेक चेहरा बघायचे. आम्हाला सगळ्यांना ते कळायचं. माझा नवरा तेव्हा उठून बाहेर जायचा.

अशीच वर्षं गेली आणि मग त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, ते दर आखाजीला गावाहून यायला लागले. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी आमरस-पोळी खाऊन झोपलं की सण संपला. खानदेशातल्या माणसांचा मात्र तो पितरांचा दिवस. नवी घागर पाण्यानं भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, खापरावरची पुरणाची पोळी होते. मग अंगणात गोवऱ्यांचे निखारे करतात आणि घरातला कर्ता पुरुष एकेका गेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घेऊन पोळीचा घास तूप घालून निखाऱ्यावर ठेवतो. त्याला म्हणतात आगारी टाकणं. धूर वर गेला की त्या माणसाचं पोट भरलं. आप्पांच्या अंगणात हे सगळं एका जुन्या घमेल्यात व्हायचं.

आबांचं म्हणणं एकच. बारा वर्षं पत्ता नसला की शास्त्रानं माणूस गेला. पोराची आगारी टाका. तो उपाशी फिरतोय, म्हणून आमच्या घरातली लग्नं मोडतात. आबांच्या नातवाचं लग्न खरंच मोडलं होतं, पण त्याला कारण त्याची दारू, हे सगळ्या खानदेशाला ठाऊक होतं. पूर्वजांची नावं संपली की आबा घसा खाकरायचे, "आते पोऱ्यानं नाव लेय." म्हणजे आता पोराचं नाव घे. त्याबरोबर जिजी तुपाची वाटी उचलून घरात निघून जायची. तुपावाचून घास कसा टाकणार? आबा हात चोळत बसायचे. जिजी आतून म्हणायची, "तो जिता शे." बस, एवढंच.

आणि आप्पा? ते तेव्हा काय करायचे ते ऐका. जिजी आत गेली की ते कोरडाच घास घ्यायचे आणि म्हणायचे, "सोनाबाई." दुसरा घास, "तुळशीराम." तिसरा, चौथा, मग "ठकी." आबा डोळे वटारायचे. हे कोण लोक आपल्या कुळात शिरले? आप्पा शांतपणे सांगायचे, "त्यांच्या देशात देवधर्म बंद करेल व्हता. तिथं कोण टाकणार त्यांची आगारी? पिक्चरमा नाव नाही, घरात घास नाही. आपल्या निखाऱ्यावर जागा शे ना?" एकदा आबांना हे फारच झोंबलं म्हणून त्यांनी गल्लीच्या टोकाच्या भटजींना बोलावून आणलं. भटजी म्हणाले, "कुणालाही घास घालावा, पुण्यच आहे. पण गोत्र?" आप्पा म्हणाले, "रशियन." भटजींनी डोकं खाजवलं आणि निकाल दिला, "गोत्र माहीत नसेल तर काश्यप धरतात." त्या दिवसापासून सोनाबाई, तुळशीराम आणि मंडळी काश्यप गोत्राची झाली. आबांचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं.

मला एकदा राहवलं नाही. आबा गेल्यावर मी आप्पांना म्हटलं, "इतक्या परक्या लोकांची टाकता, आणि..." पुढचं मला बोलता येईना. त्यांना कळलं. ते म्हणाले, "ताई, त्यांचं मला माहीत शे ना. शंभर वर्षांमागचे लोक, गेले म्हणजे गेले. आगारीला एक पाहिजे, माणूस गेला याची खात्री."

ती खात्रीच एके दिवशी कोसळली, आणि कोसळवली माझ्या लेकीनं. आखाजी जवळ आली होती. ती आप्पांसाठी कुठलासा पिक्चर शोधत होती, तर तिला एक लहानसा व्हिडिओ मिळाला. रशियातलंच काहीतरी, खाली इंग्रजीत लिहून येत होतं. नव्वदी ओलांडलेली एक म्हातारी खुर्चीवर बसलेली, गुडघ्यावर शाल, बाजूला भिंतीवर फोटो. फोटोत पोत्यांचा ढीग, त्याच्यावर पोर, हातात पाव. लेक वाचून सांगू लागली. म्हातारी म्हणत होती, आमच्या गावात पिक्चरवाले आले, मला उचलून गाडीवर बसवलं, मी रडू नये म्हणून पावावर साखर घालून दिली. पिक्चर काय होता मला माहीत नव्हतं. साखर आठवते. माझं नाव कुणी विचारलं नाही. हे सांगून ती हसली. तोंडात दात नव्हते.

लेकीला वाटलं आप्पा आनंदानं नाचतील. आप्पांचा चेहरा पांढरा पडला. "कधीचा हा व्हिडिओ?" त्यांनी विचारलं. "नवाच आहे आप्पा, मागच्याच महिन्यातला." ते खाटेवर बसले. "ठकी जिती शे," ते म्हणाले. "जिती शे, आन् मी तिची आगारी टाकतोय. दर वर्षी. नाव घेऊन."

आम्ही हसण्यावारी न्यायचं पाहिलं, पण तो माणूस जेवेना. जिवंत बाईला पितरांत बसवलं, कुठे फेडू हे पाप, असं त्यांचं चाललं. भटजींनी सांगून पाहिलं की अजाणता झालं त्याला दोष नाही. आप्पा म्हणाले, अजाणता कसं? मी ठरवलं ना ती मेली म्हणून. कुणाला न विचारता ठरवलं. मी साडीवर खडे चिकटवता चिकटवता हे ऐकत होते, आणि मला स्पष्ट दिसत होतं की हे नुसतं ठकीबद्दल चाललेलं नाही. भीती त्यांच्या पोटात आधीपासूनच होती. मुलगा गेला असं ठरवायचं आणि तो कुठेतरी साखर लावलेला पाव खात बसलेला असायचा, या भीतीनं त्यांनी इतकी वर्षं भावाला दाद दिली नव्हती. आणि पोरगा खरंच उपाशी फिरत असेल तर, ही दुसरी भीती त्यांना तितकीच खात होती. त्यांची मला फार दया आली.

जिजी त्या दिवसांत सांजोऱ्या करत होती, मी सारण भरून देत होते. लेकीचा मोबाईल मागून घेऊन तिनं तो व्हिडिओ परत परत बघितला होता. कधी नव्हे ते तिला एका गोऱ्या बाईत रस वाटत होता. आखाजीच्या आदल्या दुपारी ती पीठ लागलेले हात घेऊन आप्पांच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली.

"त्या म्हातारीनं नाव तुम्ही इतला वरीस आगारीमा लिधं," ती म्हणाली, "आन् ती आजूनबी हासी राहिनी. खरं का खोटं?"

आप्पांनी मान हलवली.

"मन्ही माय म्हने, जिता माणूसनी मरानी खोटी खबर उनी का त्यानं आयुष्य वाढस. तिनं वाढनं. मंग मन्हा पोऱ्यानंबी नाव ल्या. जिता व्हई तर त्यानं आयुष्य वाढी." ती थांबली. हातावरचं पीठ चोळत राहिली. "नही व्हई तर... उपाशी तरी ऱ्हावाव नही."

जिवंताच्या मरणाची खोटी बातमी आली की त्याचं आयुष्य वाढतं, हे आमच्याकडेही म्हणतात. पण त्या दोन भीतींच्या मधून अशी वाट निघेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. असेल तर जास्त जगेल, नसेल तर जेवेल. ज्या बाईनं एवढी वर्षं तुपाची वाटी उचलून नेली, तिनंच हे काढलं.

आप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "नाव घिसू तर मी मानी लिधं असं व्हई."

"तुम्ही काय मानशात ते मानज्यात," जिजी म्हणाली आणि परत येऊन सांजोऱ्या तळायला बसली.

ती आप्पांची शेवटची आखाजी. पुढच्या थंडीत ते गेले, त्या दुखण्याचं मी इथे सांगत नाही. मला ती आखाजीच सांगायची आहे.

सकाळचं ऊन अंगणात आलेलं होतं. घागर भरली, डांगर ठेवलं, घमेल्यात निखारे फुलले. आबा गावाहून आले होते, धुवट टोपी घालून पाटावर बसले होते. मी पायरीवर होते. गल्लीत सायकल दुरुस्तीवाला पंक्चर काढत होता, दोघंतिघं त्याच्याभोवती उभे होते. आप्पांनी आजोबांचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, आईचं घेतलं. सोनाबाईचं, तुळशीरामचं घेतलं. ठकीचं घेतलं नाही. धूर सरळ वर जात होता. मग आबांनी नेहमीसारखा घसा खाकरला.

जिजी उठली नाही. तुपाची वाटी तिनं पुढे सरकवली. आबा बघतच राहिले.

आप्पांनी घास घेतला, त्यावर तूप घातलं. तोंड उघडलं. ज्या माणसानं ओळख ना पाळख अशा सगळ्या पडद्याला नावं दिली, त्याच्या तोंडून ते एक नाव निघेना. ओठ हलत होते. तूप बोटांवरून मनगटावर आलं, तरी हात निखाऱ्यावर तसाच. आबा हलकेच म्हणाले, "लेय रे भाऊ, नाव लेय." आप्पांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला दुसरा हात त्यांना आठवत नव्हता.

जिजीनं त्यांच्या हातातून तो घास काढून घेतला. "बाईमाणूस आगारी टाकी का?" आबा म्हणाले. तिनं ऐकलं नाही. घास निखाऱ्यावर ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि मुलाचं नाव घेतलं.

पूर्वजांची नावं घेतात तसं खालच्या आवाजात नाही. पोरगा शाळकरी असल्यापासून संध्याकाळी ओट्यावर उभी राहून ती जशी हाक मारत आली होती, मी आल्यावरही कितीतरी संध्याकाळी जशी मी ती वरच्या खोलीतून ऐकली होती, तशी. पूर्ण गल्लीत पोचेल अशी. नाव लांबवून, आणि मागून जरा रागानं, "जेवाले ये रे! थंडं व्हई राहिनं!"

तूप पेटलं, धूर उठला. सायकलवाल्याच्या भोवतीची माणसं कुणाला बोलावलं म्हणून गल्लीत इकडेतिकडे बघू लागली. आप्पांनी मान वर करून फाटकाकडे बघितलं. मीही बघितलं. आणि इतकी वर्षं तो मेला म्हणून सांगत आलेले आबा, तेसुद्धा पाटावरून अर्धे उठून फाटकाकडेच बघत होते.